न तुटणारा धागा
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी ‘पाहिलेले गाव’ या विषयावर काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी मान खाली घातली. आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात आहे खरे. पण तिथल्या घराची एक भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली आणि तेव्हापासून आमचे जाणे सुटले. लोअर परळच्या बाहेरचे माझे जग म्हणजे कॉलेज, दादरचे ग्रंथालय आणि वर्षातून एकदा एखाद्या मावशीकडची बारशी-लग्ने. तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एका गावी राहून आलो. त्यासाठी परळ डेपोत रांग लावावी लागली नाही की तिकीट काढावे लागले नाही. त्या गावाचे नाव लंब्रिज. ते गिलिनॉर नावाच्या प्रदेशात आहे, आणि गिलिनॉर माझ्या मोबाइलमध्ये आहे.

खेळाचे नाव ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’. चाळीतल्या एका मित्राने तो माझ्या मोबाइलवर उतरवून दिला, तोही फुकट मिळतो म्हणून. जगभरातली हजारो माणसे एकाच वेळी या काल्पनिक मुलखात वावरत असतात. प्रत्येकाचा एक बाहुला असतो आणि तो आपण चालवायचा. वाटेत भेटणारा दुसरा बाहुलाही बहुधा कुठल्यातरी देशातला हाडामांसाचा माणूस असतो. त्याच्याशी लिहून बोलता येते. अशा खेळांचा मूळ पुरुष इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली जन्मला. ट्रबशॉ आणि बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो केला, आणि त्यात चित्र एकही नव्हते, नुसते शब्द होते. आमच्या रूनस्केपचा जन्म मात्र २००१ सालचा. अँड्र्यू गॉवर या तरुणाने भावाच्या साथीने तो उभा केला.

अद्भुताची ओढ मला पहिल्यापासून आहे. मराठी कादंबरीचा इतिहास शिकताना १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ यांना ‘अद्भुतरम्य’ असे म्हणून बाजूला सारतात, तेव्हा मला उगीचच वाईट वाटते. तेव्हा या नव्या मुलखात शिरताना मी राक्षस, ड्रॅगन, मंतरलेल्या तलवारी यांची अपेक्षा केली असेल तर तो माझा दोष नव्हे.

पण झाले भलतेच. पहिल्याच बेटावर एका बाईने माझ्या हाती कुऱ्हाड दिली आणि झाड तोडायला सांगितले. मग लाकडे पेटवायची, जाळ्याने कोळंबी धरायची, ती भाजायची. पहिली कोळंबी माझ्याकडून करपली. पुढे एका आचाऱ्याने कणीक मळून पाव करायला लावले. मग खाणीत तांबे आणि कथील खणायचे, दोन्ही भट्टीत घालून कांसे करायचे आणि त्याचा सुरा घडवायचा. एवढे झाल्यावर एक उंदीर मारायला मिळाला! आमच्या चाळीच्या जिन्याखाली याहून मोठे उंदीर आहेत. लंब्रिजच्या किल्ल्यात पोचलो, तर तिथला आचारी रडकुंडीला आलेला. ड्यूकचा वाढदिवस, केक करायचा, आणि घरात अंडे नाही, दूध नाही, पीठ नाही. म्हणजे माझ्या वीरचरित्राचा पहिला अध्याय असा, की शेतातून गहू कापा, पवनचक्कीच्या माळ्यावर नेऊन ओता, दांडा ओढा आणि खाली येऊन मडक्यात पीठ भरा. थोडक्यात, मुंबईच्या मुलाने परीकथेत जाऊन काय केले, तर गिरणीत दळण आणले.

पण मला त्याचा कंटाळा येईना. रोज रात्री मी झाडे तोडत होतो, आणि का ते मलाच कळत नव्हते. हळूहळू ध्यानात आले. या जगात कुऱ्हाडीचा एकही ओंडका वाया जात नाही. साध्या झाडाचा एक ओंडका निघाला की लाकूडतोडीच्या खात्यावर २५ गुण जमा होतात. ८३ गुण झाले की दुसरी पातळी. डोक्यावर शोभेचे दारूकाम उडते आणि अभिनंदनाचा संदेश येतो. पातळ्या ९९. शेवटची गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, म्हणजे साध्या झाडांनीच जायचे म्हटले तर सुमारे ५ लाख २१ हजार ओंडके. गंमत अशी, की निम्मे गुण होतात ते ९२ व्या पातळीवर. शेवटच्या सात पायऱ्या आधीच्या साऱ्या जिन्याइतक्या उंच आहेत. पण जिना कितीही उंच असो, त्याची पायरी कुणी काढून घेत नाही. मला वाटते, खरे अद्भुत ते हेच. ड्रॅगनवर माझा चटकन विश्वास बसला. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद होते यावर बसायला वेळ लागला.

आता आबांविषयी सांगायला हवे. आमची खोली दहा बाय बाराची आणि माणसे पाच, त्यामुळे रात्री मी आणि आजोबा बाहेर गॅलरीत अंथरूण टाकतो. आबा १९७२ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागले, पुढे कायम झाले. सूतखात्यात ते रिंग फ्रेमवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीरच केले नाही. आबा कधीकधी म्हणतात, “कायद्यानं मी अजून संपावरच हाय.” पुढे त्यांनी केळी विकली, मग एका इमारतीत रखवालदारी केली. त्यांच्या गिरणीच्या जागी आज काचेची इमारत आहे. आमच्या गॅलरीतून तिचे वरचे मजले दिसतात आणि रात्री तिथले दिवे विझत नाहीत. त्या उजेडाची आबांना सवय झाली आहे. माझ्या मोबाइलच्या उजेडाची मात्र झाली नव्हती.

“काय करतोस रं एवढ्या रात्रीचा?” एकदा त्यांनी विचारले.

“झाडं तोडतोय, आबा.”

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पाळी किती तासांची?”

“पाळी नसते. वाटेल तेवढा वेळ.”

“आणि पगार?”

मी हसलो, पण प्रश्न वाटला तितका हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पुढे वाचनात आले, की २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएला देशाचे चलन कोसळले तेव्हा तिथली कितीतरी तरुण पोरे याच खेळात दिवसदिवस हिरवे ड्रॅगन मारीत बसत आणि मिळालेले खोटे सोने खऱ्या डॉलरला विकून घरात धान्य आणीत. खेळाच्या नियमांत ते बसत नव्हते, पण भूक नियम वाचत नाही. आबांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे तिथंबी बदली कामगार हायेतच.”

दुसरी एक हकिगत त्यांना फार आवडली. कंपनीने हा खेळ सुधारत सुधारत इतका बदलला, की जुन्या खेळाडूंना तो ओळखू येईना. त्यांनी जुने जग परत मागितले. कंपनीजवळ ऑगस्ट २००७ ची एक प्रत जपलेली निघाली. मतदान झाले, लाखो लोकांनी मते दिली आणि २०१३ साली ते जुने जग जसेच्या तसे पुन्हा सुरू झाले. आजही त्यात मोठा बदल करायचा तर खेळाडूंची मते घेतात. आबा उठून बसले. “मतं घेऊन बंद पडलेलं चालू केलं?” त्यांनी दोनदा विचारले, आणि मग काचेच्या इमारतीकडे पाहत बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

डिसेंबरात मला माझी खोड भोवली. खेळात एक सोबती मिळाला होता. देश त्याने सांगितला नाही, मी विचारला नाही. त्याने मला मासे कुठे चांगले मिळतात ते दाखवले, लोखंड कुठे खणावे ते शिकवले. चार रात्री आम्ही शेजारी शेजारी उभे राहून खाण खणली. गिलिनॉरच्या उत्तरेला एक चर आहे आणि चरापलीकडे रान. तिथे माणसाने माणसाला मारायला परवानगी आहे. पाचव्या रात्री तो म्हणाला, पलीकडे एकजण उत्तम शस्त्रे स्वस्तात विकतो, साठवलेली सगळी नाणी घेऊन चल. मी गेलो. झाडाआडून आणखी दोघे आले. अर्ध्या मिनिटात मी पडलो, आणि सोबत्यानेच वाकून माझी नाणी उचलली.

महिन्याभराची कमाई गेली. खोटीच होती; पण डोळ्यांत पाणी आले ते काही खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठीच्या चाचणीला मी अभ्यास न करता बसलो आणि त्या पेपरचे गुण या लेखात न सांगितलेलेच बरे.

आबा जागेच होते. मी त्यांना सारे सांगितले. “सगळंच नेलं?” त्यांनी विचारले.

“सगळं नाही. मेल्यावर अंगावरच्या सगळ्यांत मोलाच्या तीन वस्तू राहतात. तसा नियम आहे. चिलखत, विजार आणि तलवार राहिली.”

“तीन,” आबा म्हणाले. “बरा हाय की नियम.” मग त्यांनी अंधारात बोटे मोजली. आजीची बोरमाळ पहिल्याच वर्षी गेली. मग तांब्याचा हंडा. मग भिंतीवरचे घड्याळ; भोंगाच नव्हता, घड्याळ कशाला, असे आजी म्हणाली होती म्हणे. “ही खोली राहिली. तुझी आजी राहिली.” तिसरे बोट तसेच उघडे ठेवून ते गप्प झाले.

त्यांना बरे वाटावे म्हणून मी म्हणालो, “आणि आबा, शिकलेलं जात नाही. कितीदा मेलं तरी पातळी तीच राहते.”

“ते आमचंबी गेलं न्हाई,” आबा म्हणाले. “पर घेऊन जायचं कुठं, ते कुणी सांगितलं न्हाई.”

यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

पुढे एका रविवारी दुपारी मी आबांना किल्ल्याच्या माडीवर नेले. तिथे एक चरखा आहे. मेंढ्यांची लोकर कातरून आणायची आणि त्यावर सूत काढायचे. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि कुठे बोट ठेवायचे ते दाखवले. बाहुला चरख्यापुढे उभा राहिला. एक गुंडी झाली. दुसरी झाली. आबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. दहा गुंड्या झाल्या, वीस झाल्या. डोक्यावर दारूकाम उडाले. त्यांचे तिकडे लक्षच नव्हते.

“धागा तुटतच न्हाई?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग माणूस कशाला उभा केलाय तिथं?”

आणि मग माझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा त्यांचे काम सांगितले. इतकी वर्षे आमच्या घरात संप होता, गिरणी नव्हती. यंत्र सूत काढते, ते म्हणाले, माणूस असतो तो तुटलेल्यासाठी. साच्यावर शेकडो चात्या फिरत असतात आणि नजर साऱ्यांवर ठेवायची. कुठला धागा तुटला ते डोळ्याआधी अंगाला कळते. मग फिरती चाती गुडघ्याने आवरायची, कांडीवरचे टोक शोधायचे, ते वर रुळापाशी न्यायचे आणि येणाऱ्या पेळूला असे लावून द्यायचे, की सांधा दिसता कामा नये. त्यांनी माझ्या दप्तराचा एक लोंबता दोरा तोडला आणि अंगठा नि तर्जनीमध्ये धरून त्याची दोन टोके फिरवली. मी तो ओढून पाहिला. निघाला नाही. चाळीसहून अधिक वर्षे त्या बोटांना साचा दिसला नव्हता.

तो खेळ मी अजून खेळतो, पण रात्री नाही, आणि परीक्षा संपेपर्यंत रविवारीच. पहिल्या महिन्यात मला वाटले होते, की ते जग आपल्या जगाहून न्यायी आहे. तिथे घाम मोजला जातो, दिलेला शब्द पाळला जातो. आताही ते थोडेफार वाटते. नाहीतर एवढी माणसे तिथे जातीच ना. पण तिथे धागा तुटत नाही, म्हणून सांधणाराही लागत नाही. तिथल्या चरख्यापुढे कुणीही उभा राहिला तरी सूत तेच निघते.

सरांनी गाव विचारले होते. मी दोन गावे पाहिली असे म्हणतो. एक लंब्रिज. दुसरे आमच्या गॅलरीसमोरच होते, काचेच्या इमारतीच्या जागी, आणि ते मला आबांच्या बोटांतून दिसले. त्याची प्रत कुणी जपून ठेवलेली नाही, आणि ते परत सुरू करा म्हणून मतेही कुणी घेणार नाही. म्हणून परवापासून मी एक वही केली आहे. आबा सांगतात आणि मी लिहितो. काल सोळा पाने झाली. आबांनी विचारले, “पातळी कितवी?” मी म्हणालो, “पहिली.”

“मग बत्ती बारीक करू नकोस,” ते म्हणाले, “लिही.”