ओटवेचं पाणी

दक्षिण गोलार्धात भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. ओटवेच्या डोंगरात ते प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा मात्र सगळ्या दिशाच उलट्यापालट्या झाल्या. सह्याद्रीत उत्तरेकडची बाजू ओली, सावलीची. इथे ओल धरतात ते दक्षिणेकडचे उतार. ऑगस्ट महिना, म्हणजे इथला हिवाळा. वारा मात्र आपल्याच ओळखीचा, नैर्ऋत्येकडून येणारा, पावसाने भरलेला. आमच्या चिपळूणला जी दिशा पाऊस घेऊन येते तीच दिशा पृथ्वीच्या या दुसऱ्या टोकाला, उलट्या ऋतूत, पाऊस आणते याचं मला फार नवल वाटलं.

ओटवे ही ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली डोंगररांग. मेलबर्नहून नैर्ऋत्येला, अगदी समुद्राच्या काठावर. उंची फार नाही, सगळ्यात उंच माथा साडेसहाशे मीटरच्या थोडा वर. आपल्या घाटमाथ्याच्या बरोबरीचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्यांनी समुद्राच्या कडेकडेने रस्ता कोरून काढला आणि तो आपल्या मेलेल्या सोबत्यांना अर्पण केला. तोच ग्रेट ओशन रोड. बहुतेक लोक या रस्त्याने समुद्र बघत पुढे निघून जातात. माझी भाची मेलबर्नला पाण्याच्या नियोजनाचं काम करते. तिने लॉर्न गावाच्या पुढे गाडी डोंगरात वळवली आणि म्हणाली, "मावशी, समुद्र तू नेहमी बघतेस. आता जंगल बघ."

लॉर्नजवळचा अर्स्किन धबधबा आधी पाहिला. तीसेक मीटरची उडी, खाली उतरायला पायऱ्या, गर्दीही बऱ्यापैकी. सुंदर आहेच, पण आमचा सवतसडा धबधबा जुलैत ज्याने पाहिलाय त्याचा श्वास अडकावा असं त्यात काही नाही. खरा अचंबा पुढे होता.

एका वाटेच्या तोंडाशी भाचीने मला थांबवलं. "आधी बूट घासून घे." तिथे जमिनीलगत ताठ ब्रश बसवलेले होते आणि शेजारी औषधी पाण्याची सोय. खाचांमधला चिखल काडीने उकरून काढायचा, तळवा घासायचा, मग औषधावर पाय ठेवायचा. आमच्या पुढे एक कुटुंब होतं. त्यातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीने एक पाय उचलून धरला होता आणि तिचे वडील तिच्या इवल्याशा बुटाच्या एकेक खाचेतून माती काढत होते. कुणी पहारा करत नव्हतं, कुठे दंडाची पाटी नव्हती. बूट घासायचं कारण असं, की फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा एक बुरशीसारखा सूक्ष्मजीव ओल्या मातीतून पसरतो आणि झाडांची मुळं कुजवतो. १९२२ साली सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर तो पहिल्यांदा ओळखला गेला. एकदा मातीत शिरला की जंगलातून त्याला काढून टाकता येत नाही. एका बुटाला चिकटलेल्या चिखलातून तो डोंगर ओलांडतो. आपल्या पायामुळे जंगल मरू शकतं, हे पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक असणं मला त्या सगळ्या प्रवासातली मोठी गोष्ट वाटते.

मग ट्रिप्लेट धबधब्याची वाट. वाट म्हणजे तास-दीड तासाचा फेरा, पण आम्हाला अर्धा दिवस पुरला नाही. वर माउंटन अ‍ॅशची झाडं. हे आपल्या निलगिरीचंच भावंड, जगातल्या सगळ्यात उंच वाढणाऱ्या फुलझाडांपैकी एक; टास्मानियात त्याच्या एका झाडाने शंभर मीटरची उंची गाठली आहे. खोड सरळसोट वर जातं, साल लांबच लांब पट्ट्यांनी सुटून खाली लोंबते, आणि मान दुखेपर्यंत वर पाहिलं तरी शेंडा सापडत नाही. त्यांच्या खाली मर्टल बीचचे वृक्ष. ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका एकत्र जोडलेल्या होत्या तेव्हाचं हे घराणं. त्याची नातलग झाडं आजही चिलीच्या डोंगरात उभी आहेत. आणि सगळ्यात खाली, ओढ्याच्या दोन्ही अंगांना, वृक्षनेचे.

नेचा आपण ओळखतो तो गुडघ्याएवढा, पावसाळ्यात दगडी भिंतीतून उगवणारा. इथे नेच्याच्या छत्रीखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी त्याच्या खोडाला हात लावला. ते लाकूड नव्हतंच. बारीक तांबूस मुळ्यांचा जाडजूड वेटोळा, काथ्यासारखा. बोट दाबलं की थंड पाणी मनगटापर्यंत ओघळायचं. त्या मुळ्यांत दुसरे छोटे नेचे रुजले होते, त्यांच्या खाली शेवाळ, आणि एका फटीत मर्टल बीचचं चार पानांचं रोप. वर्षाला हा नेचा जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो. म्हणजे माझ्या डोक्यावर पानं पसरून उभा असलेला तो नेचा माझ्यापेक्षा वयाने नक्कीच मोठा होता.

पुढे तीन धारांनी उतरणारा धबधबा. आवाज आहे, पण गर्जना नाही. पाणी काळ्या खडकावरून, शेवाळावरून, पडलेल्या ओंडक्यांवरून थबकत उतरतं. मी भाचीला विचारलं, उन्हाळ्यात काय होतं याचं? "बारीक होतो, पण वाहतो," ती म्हणाली. मग तिने आकडा सांगितला. ओटवेतल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक म्हणजे मेल्बा गली ही घळ, तिथे पाऊस वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर. चिपळूणला साडेतीन हजारांच्या आसपास पडतो. आमच्यापेक्षा कितीतरी कमी पावसावर हे धबधबे बारा महिने वाहतात! आमचा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि यांचा वर्षभर झिमझिमत राहतो, हा फरक आहेच, हवाही थंड. पण आमच्या पायाखाली कातळ आहे आणि इथे पाय रुतेल अशी पानांची, कुजक्या लाकडाची, मुळांची जाड गादी. त्या दिवशी मला पटलं, की धबधबा कड्यावर सुरू होत नाही. तो वरच्या जंगलात सुरू होतो. कड्यावर तो फक्त दिसतो.

आपल्याकडे निलगिरीला पाणी पिणारं झाड म्हणून नावं ठेवतात. ते इथे आठवलं आणि मी विचारलं. त्यावर भाचीने जे सांगितलं ते मी आजवर कुठेच ऐकलं नव्हतं. मेलबर्नला पाणी पुरवणाऱ्या पूर्वेकडच्या डोंगरांत १९३९ साली भीषण वणवा लागला. जुनं माउंटन अ‍ॅशचं जंगल जळालं आणि राखेतून लाखो रोपं दाटीने उगवली. पुढच्या वीस-तीस वर्षांत ओढ्यांचं पाणी घटत घटत जवळपास निम्म्यावर येऊ शकतं आणि पहिल्यासारखं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात, असं जॉर्ज कुचेरा या अभ्यासकाने ऐंशीच्या दशकात आलेख काढून मांडलं. कोवळं, झपाट्याने वाढणारं जंगल पाणी ओढतं. म्हातारं जंगल पाणी सोडतं. झाडं तोडून नवी लावली म्हणजे हिशेब मिटला, असं म्हणणाऱ्यांपुढे हा आलेख फ्रेम करून लावावा.

आणि ओटवेत तोड झालीच होती, तीही थोडीथोडकी नव्हे. ट्रिप्लेटच्याच वाटेवर एका जुन्या सॉ मिलचे लोखंडी अवशेष गंजत पडले आहेत. गाडुबानुड लोकांनी हजारो वर्षं वापरलेलं हे जंगल गोऱ्या वसाहतीने काही दशकांत करवतीखाली घातलं. लोकांनी पाण्यासाठी आणि जंगलासाठी वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००८ साली सरकारी जंगलातली तोड थांबली. त्या गंजलेल्या लोखंडावरही आता शेवाळ आहे.

मेल्बा गलीत आम्ही अंधार पडल्यावर गेलो. विजेरी विझवली, डोळे सरावू दिले, आणि वाटेच्या कडेच्या ओल्या दरडीवर निळसर हिरवे ठिपके उमटू लागले. आधी दोन-चार, मग शेकडो. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे झाडं उजळून टाकतात. पण काजवा जोडीदाराला बोलावतो आणि उडतो. हे दिवे जागचे हलत नाहीत. ही एका चिलटासारख्या माशीची अळी. दरडीला चिकटून चिकट धागे खाली सोडते आणि उजेडाला भुलून येणारे किडे पकडते. ही जात फक्त ओटवेत सापडते. दरड सुकली की अळी मेली. म्हणजे हा उजेडही पाण्याचाच.

परतताना बीच फॉरेस्ट गावावरून कोलॅककडे निघालो. या वाटेने १९०२ ते १९६२ अशी साठ वर्षं छोटी आगगाडी धावायची, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, अगदी आपल्या बार्शी लाईट रेल्वेइतकंच. तिने डोंगरातलं लाकूड खाली नेलं, बटाटे नेले. आता रूळ काढून त्या जागी पायवाट केली आहे. तिथे चालताना एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांचे वडील याच गाडीत बटाट्याची पोती चढवत असत. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी शेतकऱ्याचा पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडे पाऊस किती? मी साडेतीन हजार म्हटलं. त्यांना वाटलं माझी एककाची गल्लत झाली. भाचीने खात्री दिली तेव्हा ते म्हणाले, मग तुम्हाला उन्हाळ्यात पाण्याची काहीच काळजी नसेल. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कित्येक वाड्यांवर टँकर येतो, हे मी त्यांना सांगितलं. मग सड्यावरचा कातळ, तोडलेल्या देवराया, आटलेले झरे असं मी सांगत गेले, आणि ते एकेक गोष्ट खोदून विचारत राहिले. भाचीने गाडी सुरू करून हॉर्न वाजवला, तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं.