खांदा बदलताना

गेल्या पावसाळ्यात पारशिवनीतील माझ्या दवाखान्यात एक शिक्षक आले. दहावी-अकरावीच्या १६ मुलामुलींना पन्हाळगड ते पावनखिंड पायी न्यायचे होते आणि सोबत डॉक्टर असेल तरच पालक परवानगी देणार होते. वय ५६, गुडघे कुरकुरणारे. तरीही मी होकार दिला.

जुलै १६६० मध्ये, आषाढी पौर्णिमेच्या पावसाळी रात्री, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळगडावरून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून शत्रूला सामोरे गेले व प्राणास मुकले. बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड अडवून धरली. तीच आजची पावनखिंड. या वीरांच्या स्मरणार्थ आजही दर पावसाळ्यात कितीतरी तरुण ही सुमारे ५० किलोमीटरांची वाट चालतात. पालखी वाहणाऱ्या खांद्यांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

ते जावे म्हणून आम्ही बांबूची एक साधी पालखी केली. तीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तांदूळ-डाळ, म्हणजे आमचेच रात्रीचे जेवण ठेवले. चौघांनी वाहायची आणि शिट्टी वाजली की खांदा बदलायचा, असा नियम ठरला.

मसाई पठारावर धुक्याने आणि आडव्या पावसाने आम्हाला गाठले. आमची मुले विदर्भातल्या उन्हाला सरावलेली. इथे ती थंडीने कुडकुडू लागली. पावसातही शरीराला पाणी लागतेच, म्हणून मी त्यांना घोट-घोट पाणी पाजत होतो. थांबलो की ओले मोजे बदलायला लावत होतो. तळव्यांचे फोड, पायांना चिकटलेल्या जळवा, एक मुरगळलेला घोटा, एवढीच माझी वैद्यकी होती.

अंबेवाडीच्या मुक्कामी एका मुलाने सदरा काढला, तेव्हा त्याचा उजवा खांदा सोलवटलेला दिसला. शिट्टी वाजूनही तो पालखी सोडत नव्हता. कारण विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "सर, दुसऱ्याले म्हणाले कसंतरीच वाटते. घरी आबाजीले मीच उचलतो नं. आजीची कंबर दुखते." अर्धांगवायूने त्याचे आजोबा दोन वर्षे अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीच लिहून देत होतो; त्यांना उचलते कोण, हे मी एकदाही विचारले नव्हते.

मी मलम लावले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी आई अखेरची तीन वर्षे अंथरुणावर होती. मी तिची नाडी पाही, औषधे बदली. कुशीवर वळवणे, पुसणे, चादर बदलणे, हे सारे पत्नी करी. तिची पाठ धरली, तेव्हा मी तिला वेदनाशामक गोळी दिली. माझा खांदा दिला नाही. ती मागत नाही, म्हणजे तिला गरज नाही, असे मी सोयीने मानले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नियम बदलला. वाहणाऱ्याने काही मागायचे नाही; मागून चालणाऱ्यानेच पुढे होऊन "आता मी" म्हणायचे. धान्य संपले होते, म्हणून पालखीत थकलेल्यांच्या पिशव्या ठेवल्या. मीही दहा मिनिटे खांदा दिला. धाप लागली, तशी एका मुलीने न विचारता दांडा हाती घेतला. खिंडीत उतरलो, तेव्हा तो मुलगा मोकळ्या खांद्याने सर्वांच्या पुढे होता.

वाचकहो, आपल्या घरी अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, तर त्यांची सेवा करणाऱ्याकडेही आज एकदा पाहा. साधारण दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. एकट्या माणसाने हे महिनोन्‌महिने केले, तर पाठ, झोप आणि स्वभाव तिन्ही ढासळतात. "काही लागले तर सांगा" म्हणून भागत नाही. "मंगळवार-शुक्रवारची रात्र माझी" असे म्हणावे लागते. आणि आजी-आजोबांनो, आपणही "मला त्याच्याच हातचे हवे" हा हट्ट थोडा सैल करावा.

परतल्यावर मी पत्नीला घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या काकांनाही बोलावून घेतले. रुग्णाच्या पाठीखाली दुमडलेली चादर घालावी, दोघांनी दोन बाजूंनी ती धरावी, कंबरेत न वाकता गुडघे वाकवावेत, कंबर न पिळता, एक-दोन-तीन म्हणून एकाच वेळी सरकवावे, हे तिने करून दाखवले. मला ते पुस्तकातून ठाऊक होते, तिच्या हातांना सवयीने. दुसऱ्या खेपेला ती पुढे होण्याआधीच मी चादरीचे टोक धरले आणि म्हणालो, "आता मी."