शून्य टनांची देवराई

माझ्या नकाशात ती देवराई शून्य टनांची होती.

भीमाशंकरच्या पश्चिमेला सह्याद्री एकदम कोकणात कोसळतो. तिथल्या जंगलाचा बायोमास, म्हणजे उभ्या झाडांचं पाणी वगळून वजन, सॅटेलाइटवरून काढायचा होता. सेंटिनेल-१ चा रडार डेटा फुकट मिळतो, ढगांतूनही दिसतं. म्हटलं, जमेल. पण रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. त्याच्याकडे तोंड असलेला उतार दाबला जातो आणि चमकतो. मॉडेलला वाटतं, केवढं हे जंगल! कड्याच्या पलीकडे मात्र सावली. तिथून काहीच परत येत नाही. मी घेतलेला पास पूर्वेकडून बघणारा, त्यामुळे कोकणाकडचा पायथा सावलीत.

ते पिक्सेल मी ‘नो डेटा’ म्हणून बाजूला काढले. पुढे बेरीज करताना एका ओळीत त्यांचं ० झालं. ओळ माझीच. तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकी नकाशा छान हिरवा दिसत होता.

पडताळणीला गेलो तेव्हा गावातले एक काका सोबत होते. राईच्या तोंडाशीच म्हणाले, “पायताण इथंच काढा.” आत वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. जमिनीपासून १.३ मीटरवर बेहड्याला टेप गुंडाळली. घेर ४१० सेंटीमीटर, उंची अंदाजे २८ मीटर. गणित केलं तर एकट्या झाडाचे साधारण १४ टन.

“तुमच्या मशीनमध्ये किती होतं?”

“शून्य.”

मला वाटलं हसतील. “म्हणजे कागदावर हे रान नाहीच,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे निघाले.

कोड त्याच रात्री दुरुस्त केला. राई मात्र अजून दिसत नाही. पश्चिमेकडून बघावं, तर कड्याच्या माथ्याचा प्रतिध्वनी पायथ्याच्या प्रतिध्वनीत मिसळून राईवरच येऊन पडतो. ३० जुलै २०२५ ला निसार उडाला तेव्हा मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या. सेंटिनेलची साडेपाच सेंटीमीटरची लाट पानांतच अडकते, निसारची २४ सेंटीमीटरची फांद्याखोडांपर्यंत जाते. पण लाट लांब झाली म्हणून कडा बाजूला सरकत नाही.

आता ते पिक्सेल राखाडी ठेवलेत आणि बेरजेशेजारी न दिसलेलं क्षेत्र वेगळं लिहिलंय. मॅनेजर म्हणतो, डाग वाईट दिसतात, शेजारची सरासरी भरून टाक. शेजारी करवंदाच्या जाळ्या आहेत.