छायाचित्र : इंटरनेट

बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड, मी सकाळच्या तिरप्या उन्हात टिपले. झिजलेल्या दगडावर ऊन डोक्यावरून आलं की कोरीवकाम सपाट दिसतं; बाजूने आलं की वल्ह्यांची रांग उठून दिसते. होय, वल्ह्यांचीच. यातल्या काही दगडांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवपूजा. हे सगळं वर्णनात लिहून मी ते फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवले, 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली.

या परवान्यात परवानगी आधीच दिलेली असते. विकायच्या पुस्तकातही फोटो छापा, मला विचारू नका. फक्त माझं नाव द्या, परवाना नमूद करा, काटछाट केली असेल तर तसं सांगा आणि बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली पुढे द्या.

पुढे एका मासिकात त्यातलाच एक फोटो दिसला. वरच्या अप्सरा आणि शिवपूजा कापलेली, फक्त गलबतं ठेवलेली. लेख होता शिवरायांच्या आरमारावर आणि खाली ओळ : 'छायाचित्र : इंटरनेट'. हे वीरगळ शिलाहार राजांच्या काळातले मानले जातात, म्हणजे शिवरायांच्या कितीतरी शतकं आधीचे. नाव गाळलं तिथे मूळ पानाचा पत्ताही गेला आणि त्या पानावर लिहिलेला काळ, गाव, संदर्भ, सगळंच गेलं. नाव असतं तर एखाद्या चौकस वाचकाने मूळ पान उघडून चूक पकडली असती. मला खरा राग आला तो याचा.

मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, "नेटवर टाकलंत म्हणजे सगळ्यांचंच झालं की!" असं होत नाही. आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्याचं ५७वं कलम तर सांगतं, की हक्क विकून टाकले तरी कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो.

याउलट एका शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी प्रदर्शनासाठी आवर्जून फोन केला. "फलकावर तुमचं नाव कसं लिहू? आणि मुलांना सांगायला यात आणखी काय आहे?" विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. बोलता बोलता कळलं, की त्यांना दगडावरची एकेक पट्टी वेगळी दाखवायची होती. मी न चढवलेले जवळून घेतलेले फोटोही लगेच पाठवले.

तेव्हा अंक, स्मरणिका, फलक, काहीही करत असाल तर 'इंटरनेट' किंवा 'गुगल' असं लिहू नका. तिथे फोटो कुणी काढलेला नसतो. मूळ पान शोधा, नाव आणि परवाना लिहा. परवाना दिसत नसेल तर फोटो काढणाऱ्याला विचारा. उत्तर आलं नाही, तर तो फोटो सोडा आणि दुसरा शोधा.