मॅडमचं देणं

रक्तदाब वाढला की सगळे हृदयाची काळजी करतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आमचं लक्ष मूत्रपिंडांकडे वळवलं ते सोलापूरच्या एका सोनोलॉजिस्ट मॅडमनी.

बहीण जेमतेम विशी ओलांडलेली. तीन तीन गोळ्या चालू, तरी दाब उतरेना. "टेन्शन घेते फार," असं जो तो म्हणे. शेवटी एका डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, त्यांना सूं-सूं असा आवाज ऐकू आला आणि त्यांनी 'रीनल डॉपलर', म्हणजे मूत्रपिंडांच्या धमन्यांची सोनोग्राफी, लिहून दिलं.

आतड्यातल्या वायूआड धमन्या दिसत नाहीत, म्हणून उपाशीपोटी बोलावलं होतं. मॅडम प्रोब रेटून धरत, "श्वास धर... सोड," म्हणत. डाव्या मूत्रपिंडाच्या धमनीत, मुळाशीच, पडद्यावरचे लाल-निळे रंग एकमेकांत मिसळून गेले होते. रक्ताचा वेग तिथं सेकंदाला तीन मीटरच्या वर. एरवी तो दोनच्या आत असतो. पाइपचं तोंड बोटानं दाबल्यावर धार जोरात सुटते, तसंच हे, असं त्यांनी आईला समजावलं. पुढे मूत्रपिंडाच्या आत मात्र लहर मंद, चपटी. रक्त कमी पोचतंय असं वाटून मूत्रपिंड रेनिन नावाचं द्रव्य सोडतं आणि साऱ्या शरीराचा दाब चढतो. अमेरिकेत गोल्डब्लॅट यांनी 1934 साली कुत्र्यांच्या याच धमन्या चिमट्यानं आवळून दाब असा चढतो हे दाखवून दिलं होतं.

चिठ्ठीतलं काम इथं संपलं होतं. बाहेर पेशंट ताटकळलेले. तरीही मॅडमनी स्वतःहून तिच्या मानेच्या आणि हातांच्या धमन्या तपासल्या, दोन्ही दंडांचा दाब घेतला. तो वेगवेगळा निघाला. निदान झालं ताकायासू आजाराचं: धमन्यांच्या भिंतींना सूज. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये मूत्रपिंडाची धमनी अरुंद होण्याचं हे मोठं कारण आहे. फी मात्र त्यांनी एकाच तपासणीची घेतली.

आधी औषधांनी सूज आटोक्यात आणली, मग मुंबईत फुग्यानं धमनी रुंद केली. आज बहिणीचा दाब एका गोळीवर राहतो. दर दिवाळीला आई मॅडमकडे फराळाचा डबा पाठवते. त्यानं हे देणं फिटणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

घरात कुणा तरुणाचा दाब वाढला असेल, गोळ्यांना दाद देत नसेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. तिच्यात ना सुई, ना क्ष-किरण. पण ती करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. सवडीनं बघणाऱ्याकडेच करून घ्या.