पेन्सिलीची पूड

शास्त्राचे आणि माझे फारसे सख्य नाही. आणि त्याला कारणही तसेच घडले.

१९९० ची दिवाळी. घाटकोपरच्या चाळीत आईचे शिवणाचे मशीन रात्र रात्र चालत होते. गिऱ्हाइकांची पोलकी वेळेवर गेली, तरच आमच्या घरी करंजी व्हायची. मी दहा वर्षांचा. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट घर्षण कमी करते, असे शाळेत नुकतेच ऐकले होते. आईचे पाय दुखतात, मशीन हलके करू या, म्हणून दोन पेन्सिलींची शिसे कुटली, तेलात कालवली आणि मशीनच्या प्रत्येक भोकात सोडली. सकाळी मशीन कुरकुरू लागले, दुपारी अडकले. आईने रात्रभर हाताने टाके घातले. मी झोपेचे सोंग घेऊन पाहत होतो. पुढे कधी बोललोच नाही.

आता आम्ही मुलुंडला राहतो. गेल्या पाडव्याला एक जुना विद्यार्थी फराळाला आला. तो पवईला आयआयटीत वंगणावर संशोधन करतो. तेलात नॅनोकण घालतो म्हणे! माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड. हे कण शंभराच्या आतले. आरशासारखे पोलादही जवळून पाहिले तर डोंगरदऱ्यांचेच असते. तेलाचा थर विरळ झाला, की शिखरे शिखरांवर घासतात. तिथे काही कण दऱ्या भरतात, काही छऱ्यांसारखे गडगडतात, काही पोलादावर साय धरतात.

परीक्षाही मोठी कडक! तेलात तीन पोलादी गोळ्या घट्ट बसवायच्या. चौथी त्यांच्यावर ४० किलो भाराने दाबून मिनिटाला १२०० फेऱ्यांनी तासभर फिरवायची. मग खालच्या गोळ्यांवरचा व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. व्रण लहान, तर तेल पास.

"मग कण भरपूर घालावेत की!" मी म्हणालो.

"नाही, सर. बहुधा शंभरात एक भागही पुष्कळ होतो. जास्त झाले, की कणांच्या गाठी होतात. त्या तळाशी बसतात, नाहीतर ओरखडे काढतात."

मग मात्र मला राहवेना. पेन्सिलीची हकीकत सांगून टाकली. तो पोट धरून हसला. "सर, शिसात भाजलेली मातीही असते! आणि तुमची पूड म्हणजे नॅनोकणांपुढे धोंडेच!"

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. माझा चेहरा उतरला.

"मशीन पुसताना तेल काळे आले होते," ती शांतपणे म्हणाली, "आणि तुझी बोटेही."

एवढे बोलून तिने त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मग एक माझ्याही.