मागल्या आसाचे गुणोत्तर

घरात जुनी मोटार असली म्हणजे सल्लागारांची वाण कधी पडत नाही. गाडी चढावर धापा टाकू लागली की जो तो एंजिनाकडे बोट दाखवितो. एंजिन हे मोटारीचे हृदय खरे. परंतु मनुष्य जिना चढताना दमला, तर दोष नेहमी त्याच्या हृदयाचाच असतो असे नाही. पायऱ्यांची उंचीही पाहावी लागते. पायऱ्या उंच असल्या तर थोड्या पावलांत माथा येतो, पण गुडघे बोलू लागतात; ठेंगण्या असल्या तर पावले अधिक पडतात, पण श्वास पुरतो. मोटारीच्या बाबतीत ही पायरीची उंची ठरविते ती मागल्या आसातील दातेरी चाकांची जोडी.

गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्यास कारागीर शाफ्ट म्हणतात. त्याच्या टोकाशी एक लहान दंतचक्र असते, ते पिनियन. ते ज्या मोठ्या चक्रास फिरविते ते क्राउन. मोठ्याच्या दात्यांस लहानाच्या दात्यांनी भागिले म्हणजे जो आकडा येतो, ते आसाचे गुणोत्तर. चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टास किती फेरे घ्यावे लागतात, एवढेच तो आकडा सांगतो. हा भागाकार क्वचितच पूर्णांकी येतो, आणि तो योगायोग नव्हे. दात्यांचे आकडे एकमेकांस न भागले जाणारे घेतले, म्हणजे प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्यास पाळीपाळीने भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते.

हे सारे शिकण्याचा प्रसंग आम्हांवर आला तो आमच्या आत्याबाईंच्या १९५५ सालच्या मॉरिस मायनरमुळे. आत्याबाई शाळेत शिकवीत असत आणि दर वर्षी स्वतः गाडी हाकीत, कात्रज व खंबाटकीचे घाट ओलांडून साताऱ्यास जात. पुढे गाडी काही वर्षे परक्या हातांत गेली. ती परत मिळाली तेव्हा आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली होती. याच गाडीतून एकदा साताऱ्यास जाण्याची त्यांची इच्छा होती. पण कात्रजच्या पहिल्या वळणांतच गाडी हटून बसली. एका कारखान्याने निर्णय दिला की एंजिन संपले, दुसरे बसवा, नाहीतर गाडी मोडीत काढा.

आत्याबाईंनी एवढेच विचारिले, “अरे, एंजिन संपले म्हणतोस, मग ते धूर का ओकत नाही? सपाटीवर तर मुकाट्याने चालते. एंजिनच बदलायचे, तर उरलेल्या पत्र्याला मी माझी गाडी कशाला म्हणू?”

हा प्रश्न आम्ही एका वृद्ध मिस्त्रींपुढे ठेविला. एंजिनास हात न लावता ते म्हणाले, “साहेब, आधी थोडा खडू आणा.”

त्यांची रीत जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने शिकून ठेवावी अशी आहे. जागा सपाट पाहावी आणि पुढच्या चाकांस दगड लावावेत; कारण हातब्रेक मागल्या चाकांवर चालतो व या कामी तो सोडावाच लागतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मागचे एकच चाक जॅकने उचलावे आणि आसाखाली भक्कम टेकू द्यावा. मग चाकावर व शाफ्टावर खडूने खूण करावी. एक चाक जमिनीवर स्थिर असता दुसरे फिरविले, तर डिफरन्शियलच्या रचनेमुळे शाफ्ट निम्मेच फेरे घेतो. म्हणून दहांऐवजी वीस फेरे द्यावेत, शाफ्टाचे फेरे मोजावेत आणि दहाने भागावे. एकाच फेऱ्यावर विसंबल्यास अपूर्णांक नजरेस फसवितो. वीस फेऱ्यांत तो लपत नाही.

मिस्त्रींनी चाक फिरविले, आम्ही शाफ्ट मोजला. मोजणी सव्वाबेचाळीसच्या किंचित अलीकडे थांबली. म्हणजे गुणोत्तर ४.२२. मिस्त्री हसले. या आकड्याचा अर्थ कळण्यास गाडीचा इतिहास ठाऊक हवा. मॉरिस मायनर १९४८ साली इंग्लंडात निघाली तेव्हा तिचे एंजिन ९१८ सीसीचे होते. १९५२ साली मॉरिस व ऑस्टिन या कंपन्या एक झाल्या आणि तिला ऑस्टिनचे ८०३ सीसीचे, अवघ्या ३० अश्वशक्तीचे एंजिन मिळाले. त्या अशक्त जिवास झेपावे म्हणून आसात ८ व ४३ दात्यांची जोडी घालीत, गुणोत्तर ५.३७५. १९५६ साली ९४८ सीसीचे एंजिन आले, त्याबरोबर ९ व ४१ ची जोडी. आणि १९६२ साली १०९८ सीसीचे, ४८ अश्वशक्तीचे एंजिन आले, तेव्हा ९ व ३८ ची. आत्याबाईंच्या गाडीत शाफ्टाचे फेरे पावणेचोपन्न भरावयास हवे होते. मधल्या काळात कोणीतरी पुढच्या काळातील मायनरची जोडी तिच्यात बसविली होती. चाकाशी पोचणारे बळ त्यामुळे एकपंचमांशाहून अधिक घटले होते. घाटात गाडी हटली ती वार्धक्याने नव्हे, उंच पायऱ्यांनी.

तरीही एक साक्ष पुरी मानू नये, हा मिस्त्रींचा बाणा. गतिमापक गिअरबॉक्सवर चालतो, मागल्या आसाची त्यास वार्ता नसते. म्हणून त्यांनी रस्त्याकाठचे दगड पाहत गाडी १६ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ १० मैल, चालविली. मापकाने पुरते आठ मैलही नोंदविले नाहीत. शाफ्ट कमी फिरतो आहे याची ही दुसरी साक्ष. आस उघडून दाते मोजले तेव्हा ९ व ३८ हीच तिसरी मिळाली.

जुन्या सामानाच्या बाजारातून ८ व ४३ ची जोडी मिळविण्यास चार महिने लागले. ती बसल्यावर गाडीचा सपाटीवरील वेग उतरला आणि एंजिनाचा आवाज वाढला; या व्यवहारात काही मिळते तर काही सोडावे लागतेच. पण कात्रज चढला, खंबाटकीही चढली. एंजिन तेच होते. आत्याबाई शेजारी बसून गिअर केव्हा उतरवावा ते सांगत होत्या, आणि आम्ही निमूटपणे ऐकत होतो.

गाडीच्या कागदांवर जे लिहिलेले असते, ते ती कारखान्यातून निघाली त्या दिवसापुरते खरे. त्यानंतर किती हातांनी तिच्यात काय घातले व काय काढले, हे कागदास कळत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी एखाद्या रविवारी खडू घेऊन अर्धा तास खर्चावा आणि मिळालेला आकडा गाडीच्या वहीत, तारखेसह, लिहून ठेवावा. पुढे कोणी एंजिनास मोडीत काढू म्हणेल, तेव्हा त्यास दाखविण्यास ते पान हाताशी असेल.